आमच्या आडनावाची चौकशी

आमचं आडनाव एका झाडाचं आहे. कोणत्या झाडाचं ते सांगत नाही, कारण या आडनावापायी माझी जी शोभा झाली ती वाचून माझ्या आडनावबंधूंनी मला फोन करावेत अशी माझी इच्छा नाही. एवढंच सांगतो की झाड मोठं आहे, सावली देणारं आहे आणि परवा-परवापर्यंत मला त्याचा फार अभिमान होता. पाणीपुरवठा खात्यात माझ्या टेबलावर मी पदरचे पैसे घालून नावाची पट्टी करून ठेवली आहे. तिच्यावर नाव बारीक आणि आडनाव ठळक आहे. नाव काय, आईबाप हौसेनं ठेवतात; आडनाव मात्र पिढ्यानपिढ्या चालत येतं, असं मी खात्यात नव्यानं लागलेल्यांना समजावून सांगत असे. ते बिचारे ऐकून घेत. त्यांच्या रजेच्या अर्जावर माझी सही लागते.

तर माझ्या मुलीनं लग्न ठरवलं. मुलगा बरा होता. म्हणजे नाव ठेवायला काहीतरी मी शोधत होतो आणि सापडत नव्हतं. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा, कमी बोलायचा, आणि जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः उचलून घासायला नेऊन ठेवायचा. तो ताट उचलायचा आणि आमची ही माझ्याकडे बघायची. एवढा एक दोष सोडला तर बोट ठेवायला जागा नव्हती. लग्न कचेरीत सह्या करून व्हायचं होतं आणि मुलीच्या बाजूनं साक्षीदार मी. मी सहीसाठी नवं पेनही आणून ठेवलं होतं.

एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला होता, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मी लग्नानंतर आडनाव बदलणार नाही."

मी मोठ्या मनाचा माणूस. म्हटलं, "नकोच बदलूस. आपलं आडनाव सोडण्यासारखं आहे कुठे?"

"आणि हा आपलं आडनाव लावणार आहे."

मी पाणी पीत होतो. ते नाकातून आलं. पाणीपुरवठ्यात इतकी वर्षं काढली, पण पाण्याला ही वाट आहे हे मला माहीत नव्हतं.

मुलानं खाली मान घालून सांगितलं, "काका, माझं आडनाव ज्यांचं, त्यांना मी पाहिलेलंच नाही. मी पाळण्यात असताना ते घर सोडून गेले. आता आईही राहिली नाही. त्या आडनावाचं माझं असं कुणी नाही. तुमच्याकडे मात्र मला कुणी परकं धरलं नाही. म्हणून, तुमची हरकत नसेल तर…"

हे ऐकून एखादा हळवा माणूस विरघळला असता. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "आमचं आडनाव म्हणजे काय धर्मशाळा आहे, आला आणि पथारी पसरली? आमच्या घराण्यात सात पिढ्यांत एकाही पुरुषानं आडनाव बदललेलं नाही!"

"सात पिढ्यांची नावं सांगता?" मुलीनं विचारलं. अगदी शांतपणे विचारलं. हा शांतपणा तिनं आईकडून घेतलाय.

"सांगतो कशाला, वंशावळ काढून तुझ्या हातात ठेवतो! ती बघ आणि मग हा विषय पुन्हा काढ. हे असलं होणार असेल तर मी साक्षीदार म्हणून सही करणार नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग मी दुसरा साक्षीदार बघते."

संध्याकाळी ती पिशवी भरून मैत्रिणीकडे राहायला गेली. लग्नापर्यंत तिकडेच राहीन म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला गेलो तर पेल्यात तिचा ब्रश नव्हता. मी पेला धुतला, पुन्हा जागेवर ठेवला आणि उगाच तिथे उभा राहिलो. मला ते फार लागलं. पण शब्द दिलेला होता, आता वंशावळ काढणं भाग होतं.

चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून मी एक भलाथोरला जाड कागद आणला आणि कामाला सुरुवात केली. खाली मुलीचं नाव लिहिलं. वर माझं. त्याच्यावर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. इथं माझी माहिती संपली. आजोबांचं नुसतं नाव माहीत होतं. बैठकीच्या खोलीत भरघोस मिश्यांच्या आजोबांचा फोटो आहे, त्यांचं नाक हुबेहूब माझ्यासारखं आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते नाक दाखवत आलोय. पण माझ्या जन्माआधीच ते गेले. आई मी शाळेत असतानाच गेली. जुनं सांगणारे असे एकटे अण्णाच उरलेले.

अण्णांचं कुलपांचं दुकान होतं. मी नोकरीत शिरलो, ते थकले, दुकान बंद झालं. दुकानाची लाकडी पाटी ते घरी घेऊन आले आणि गॅलरीत दोन डब्यांवर पालथी टाकून तिचा ओटा केला. आजही दिवसभर तिथं बसून ते लोकांची बिघडलेली कुलपं नीट करतात. हात चालू असला तर ते बोलतात, नाहीतर नाही. आणि विचारलं तेवढंच सांगतात, वर चिमूटभर जास्त नाही.

मी विचारलं, "अण्णा, आपलं आडनाव कुठून आलं?"

त्यांनी समोरच्या ओट्याची फळी थोपटली. "पाटीवरून," म्हणाले.

मी थोडा वेळ थांबलो. ते कुलपात तेल सोडत होते. वयाचा परिणाम, दुसरं काय! मी हळूच मागं फिरलो. या वयात त्यांना त्रास द्यावासा वाटला नाही.

मी थकून जिन्यात बसलेला वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांना दिसलो. हे गृहस्थ आता निवृत्त आहेत, पण समोरच्याच्या मरणाचा विषय गोडीनं काढायची सवय काही सुटलेली नाही. "वंशावळ ना? उशीर केलात. माणसं जिवंत असताना करायचं काम ते," असं म्हणून ते स्वतःच्या घराण्याची छापील वंशावळ घेऊन खाली आले. ती सुरू होत होती एका सेनापतीपासून. मध्ये पराक्रमी पुरुषांची एवढी दाटी होती की त्यातून विमावाले कसे निपजले याचा खुलासा कुठेच होत नव्हता. तरी त्यांचा सल्ला मी मानला. ते म्हणाले, "नोंदणी कचेरीत जा. वडिलांची जन्मनोंद काढा. तिथून आजोबा, तिथून पणजोबा. जिना चढल्यासारखं वर जायचं."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. बाहेरच्या बाजूनं खिडकी किती उंच असते ते मला त्या दिवशी समजलं. आतला कारकून डबा खात होता. मी खाकरलो. त्यानं डब्याचं झाकण लावलं, मला वाटलं आता बघेल. पण त्यानं दुसरा डबा उघडला. माझ्या खात्यात मीही असंच करतो, म्हणून तक्रारीला तोंड नव्हतं.

शेवटी त्यानं जुन्या नोंदींचं बाड काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "या तारखेला, या नावाचा, या बापाचा एकच मुलगा आहे. पण आडनाव तुम्ही सांगताय ते नाही."

"मग कोणतं आहे?"

"एका पक्ष्याचं आहे."

"शक्यच नाही! आमचं झाडाचं आहे."

"असेल. पण मग हे तुमचे वडील नव्हेत. नक्कल मिळणार नाही."

"अहो, नाव तेच, तारीख तीच, आजोबांचं नावही तेच!"

"आडनाव जुळत नाही ना."

"ते का जुळत नाही हेच शोधायला आलोय मी!"

"मग आधी जुळवून आणा, नंतर शोधा," असं म्हणून त्यानं खिडकी लावून घेतली. सरकारी उत्तर म्हणून ते निर्दोष होतं. मी स्वतः एवढं चांगलं देऊ शकलो नसतो.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. विमावाले जिन्यातच वाट बघत उभे होते. चहा घेता घेता मी त्यांना सगळं सांगून टाकलं, आणि तिथंच चुकलो.

"हं," ते म्हणाले. "भला माणूस आडनाव का बदलेल? मी तीनच कारणं बघितलीत. चोरी, खून, नाहीतर दुसरी बायको. तुमच्या वडिलांचा धंदा कुठला म्हणालात?"

"कुलपांचा."

विमावाले उठले. कप अर्धा ठेवून वर गेले. थोड्या वेळानं त्यांच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग दुसरी कडी लागल्याचा.

त्यानंतर माझं बूड कुठे टिकेना. जेवताना उठायचो, झोपेतून उठायचो, टेबलावरून उठून उगाच नळांचे नकाशे बघून यायचो. ज्या बापाचं बोट धरून मी शाळेत गेलो, तो बाप आडनाव बदलून लपलेला फरारी? अण्णा गॅलरीत तारेनं कुणाचंतरी कुलूप उघडत बसलेले दिसले की मी दाराआड उभा राहून बघायचो. आजवर मी ते बघतच आलो होतो, पण इतक्या सफाईनं उघडतात हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

मी दागिन्यांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली बुटात ठेवली. सकाळी अण्णा चहाला आले आणि म्हणाले, "माझा बनियन त्या कपाटात होता. काढून घेतला. तुझं कुलूप अगदीच हलकं आहे रे, बदल ते." मी बूट तपासला. किल्ली होती तिथंच होती.

"अहो, सरळ विचारा की अण्णांना," आमची ही म्हणाली.

"विचारलं! पाटीवरून म्हणाले!"

"मग पुढचं विचारा. पोरगी घर सोडून गेलीय आणि तुम्ही बुटात किल्ल्या काय ठेवताय?"

विचारणार कसं? विचारलं आणि खरंच काही निघालं, तर मी मुलीला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? दुसरं काही निघावं म्हणून मी शुक्रवारी पुन्हा कचेरीत गेलो. या वेळी मी कारकुनाला त्याच्या घरच्या नळाला पाण्याचा दाब वाढवून द्यायचं कबूल केलं. मला तो अधिकार नाही, पण ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मला थेट नोंदींच्या खोलीत सोडलं. "तुम्हीच बघा," म्हणाला.

खोलीत छतापर्यंत मांडण्या आणि एक घोडा, म्हणजे शिडी. मी सगळ्यात मागच्या मांडणीपाशी शिडीवर चढून बसलो. अण्णांच्या नोंदीत आजोबांचं वय आणि गल्ली होती, त्यावरून शोधत संध्याकाळच्या सुमाराला आजोबांची जन्मनोंद मिळाली. आजोबांचं आडनाव ना झाडाचं, ना पक्ष्याचं. ते एका रंगाचं होतं.

म्हणजे आजोबाही! आख्खं घराणं फरारी! मी शिडीवर बसून घाम पुसत होतो तेवढ्यात दिवे गेले आणि दाराला किल्ली फिरल्याचा आवाज आला. "अहो, थांबा!" असं मी ओरडलो, पण धूळ घशात गेली आणि त्याचा खोकला झाला. खोकला संपेस्तोवर कारकून गेला होता.

मी दार बडवलं. बऱ्याच वेळानं बाहेर पहारेकऱ्याचा आवाज आला. "किल्ली साहेबांकडे. साहेब सासुरवाडीला गेले, त्यांचा फोन बंद आहे. सोमवारी उघडतील."

"सोमवारी? तोवर मी काय करू?"

"आत काय सोय आहे?"

"जन्माच्या आणि मरणाच्या नोंदी आहेत!"

मी घरी फोन लावला. "अण्णांना पाठवते," असं म्हणून बायकोनं फोन ठेवला. चौकशी नाही, काळजी नाही. तिला हसू येत होतं असा मला संशय आहे.

थोड्या वेळानं बाहेर पावलं वाजली. मी दाराला कान लावला. अण्णा होते, आणि त्यांना स्कूटरवरून घेऊन आला होता तो मुलगा. मागून मुलगी आणि बायको. म्हणजे ज्यांनी मला या अवस्थेत बघू नये असं वाटत होतं, ते सगळे आले होते.

"कुलूप तोडायला साहेबांची परवानगी लागते," पहारेकरी म्हणाला.

"तोडतंय कोण?" अण्णा म्हणाले. "उघडायला लागते का?"

पहारेकऱ्यानं विचार केला. तसा काही नियम त्याला आठवेना.

"जुनं आहे," अण्णांचा आवाज आता अगदी दाराला लागून आला. "चांगल्या हातचं आहे. पोरा, बॅटरी धर. अशी नको, तिरपी." मग तार फिरल्याचा बारीक आवाज सुरू झाला. अण्णांचे हात चालू झाले होते. विचारायचं तर आत्ताच. शिवाय मध्ये दार होतं, तोंड दाखवायला लागत नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमचं आडनाव पक्ष्याचं होतं?"

"होतं की."

"मग बदललं का? काय केलं होतंत तुम्ही?"

"लग्न केलं होतं."

अण्णा पुढे बोलले. "बापाच्या दुकानात मोठा भाऊ बसला. दोघांचं पोट त्यात भरेना. मग मी तुझ्या आईच्या वडिलांकडे कामाला लागलो. त्यांना ती एकच मुलगी. लग्न झालं तेव्हा ते म्हणाले, दुकान तू बघ, पण पाटीवर आडनाव आमचं आहे. लोक घराच्या किल्ल्या या नावाच्या भरवशावर आपल्याकडे ठेवून परगावी जातात. उद्या पाटीवर दुसरंच नाव दिसलं तर कोण किल्ली देईल? पाटी बदलायची की तू बदलतोस?"

"आणि तुम्ही बदललंत?"

"मग! माझ्या बापानंही तेच केलं होतं. तोही धाकटाच. कुलूपवाल्यांत असंच चालायचं. ज्या पाटीखाली बसायचं, तिचं नाव लावायचं."

"पण मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, मी सांगितलं. पाटीवरून. आता त्याच्या पुढचं तू विचारलं नाहीस."

मी अंधारात शिडीच्या खालच्या पायरीवर बसलो. म्हणजे झाडाचं आडनाव आईचं होतं. ज्या आडनावाची पट्टी मी टेबलावर ठेवली, ते माझ्या आईनं आणलेलं. आणि मला ते कळलं नाही, कारण आई-वडिलांची आडनावं एकसारखी असण्यात वेगळं काय वाटणार? सगळ्यांच्याच आई-वडिलांची तशी असतात.

"तो मिश्यांचा फोटो…" मी म्हटलं.

"तुझ्या आईचे वडील. माझ्या बापाला मिशीच नव्हती."

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. मुलगी असावी. पेल्यात ब्रश नव्हता तेव्हापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मला भरून आलं. दार बंद होतं ते बरं होतं.

तेवढ्यात तारेचा आवाज थांबला.

"अण्णा? काय झालं?"

"काही नाही. अर्धं उघडलंय," अण्णा म्हणाले. "तू साक्षीला येणार आहेस ना?"

"अण्णा, आधी उघडा तरी!"

"उघडतो. हात जरा दुखतोय. तू सांग तोवर."

"आजोबा!" मुलगी म्हणाली. मुलगा म्हणाला, "असू द्या हो आजोबा, काकांना असं अडवून नको. मी माझंच आडनाव ठेवतो. उघडा तुम्ही."

हे मात्र मला सहन झालं नाही. आमच्या घरचं भांडण आणि माघार त्यानं घ्यायची? मी दारावर थाप मारली. "ए, कुणाला विचारून ठेवतोस? बापानं बदललं, आजोबांनी बदललं, आणि तू मोठा आलास न बदलणारा! घराण्याची रीत मोडतोस? येणार आहे मी साक्षीला! आणि तू," हे मुलीला, "तू आज घरी येतेस. ब्रश घेऊन."

कुलूप टक्कन उघडलं.

लग्नाच्या दिवशी विमावाले नवे कपडे घालून आले होते. फरारीपणाचा खुलासा ऐकून ते जरा हिरमुसले होते. लग्नाच्या कचेरीतल्या कारकुनानं कागद बघितला आणि भुवया चढवल्या. "मुलाचं आणि मुलीचं आडनाव एकच? नात्यात आहे का?"

"नात्यात नाही, रीत आहे," मी म्हटलं. "आमच्यात जावई सासरचं आडनाव लावतो. पिढ्यानपिढ्या चालत आलंय." ही छातीठोक माहिती मी विमावाल्यांकडे बघत दिली. आमची ही खिडकीतून बाहेर बघायला लागली.

मुलीनं सही केली. मग मुलानं पेन घेतलं. नाव लिहिलं, आणि आडनावाशी त्याचा हात अडला. सवयीनं जुन्या आडनावाचं पहिलं अक्षर उमटलं. त्यानं ते खोडायला घेतलं, शाई पसरली. "नवा कागद घ्यावा लागेल," कारकून कुरकुरला. मुलाचं तोंड एवढंसं झालं.

अण्णा काठी टेकत त्याच्याजवळ गेले. "चुकते पहिल्यांदा," म्हणाले. "माझीही चुकली होती. हिच्या आजीनं शिकवली मला. समोर बसायची आणि सांगायची, असं वळण दे, आता शेपूट ओढ."

आणि मला माझं प्रगतिपुस्तक आठवलं. त्यावर सही आईनं केलीय की अण्णांनी, हे मला कधीच ओळखता यायचं नाही. मी सही शिकलो ती तीच बघून. मुलगी शिकली माझी बघून.

वंशावळीचा कागद मी बरोबर नेला होता. कशासाठी ते विचारू नका. कचेरीत जाताना हातात काही कागद नसला तर मला चैन पडत नाही. मी तो पालथा करून टेबलावर पसरला. मागची बाजू कोरी होती. "घे, गिरव इथं," मी मुलाला म्हटलं. मुलगी त्याच्या शेजारी बसली. "असं वळण दे. आता शेपूट ओढ." रांगेतले लोक चुळबुळ करत होते, कारकून घड्याळ दाखवत होता, मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. सात पिढ्यांसाठी आणलेला तो कागद आमच्या आडनावानं हळूहळू भरत गेला, आधी वाकडंतिकडं, मग जरा बरं, मग चक्क आमचंच.

मग त्यानं नव्या कागदावर सही केली. मी माझं नवं पेन काढलं आणि साक्षीदाराच्या जागी माझी केली. आईची यायची तशीच आली.